उत्तरेचा वैमानिक आणि आमचे रविवार

माझ्या बायकोचा एका अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसावर जीव जडलाय, असं मी मित्रांना गमतीने सांगायचो. मित्र हसायचे, मीही हसायचो, पण माझं हसू तोंडदेखलं असायचं. तसलं काही नव्हतं हे मला पक्कं ठाऊक होतं. जे होतं ते माझ्या लेखी जास्त वाईट होतं. ती त्याचं बोलणं सगळं बाजूला ठेवून ऐकायची. माझं बोलणं ती भांडी आवरता आवरता ऐकते.

आम्ही हॅनोव्हरला राहतो. ती एका कारखान्यात इंजिनियर, मी सॉफ्टवेअरमध्ये. आठवडाभर दोघंही दमून येतो, त्यामुळे रविवार तेवढा आमचा. जर्मनीत रविवारी दुकानं बंद, आणि व्हॅक्यूम क्लीनर लावला तर खालच्या मजल्यावरची बाई बेल वाजवायला येते. अशा देशात नवरा-बायकोला एकमेकांशी बोलण्यावाचून गत्यंतर नसतं. उशिरा उठायचं, पोहे करायचे, पुण्याला दोन्ही घरी फोन लावायचे, मग तळ्याकाठी लांब चक्कर मारायची. मला एवढं पुरत होतं. तिलाही पुरत असणार असं मी धरून चाललो होतो.

मग तिच्या ऑफिसातल्या एकीने तिला शहराबाहेरच्या ग्लायडिंग क्लबात नेलं. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला एक दांडगं यंत्र असतं, ते लांबलचक तार गुंडाळत विमानाला पतंगासारखं वर खेचतं. वर गेलं की तार सुटते आणि पुढचा सगळा कारभार हवेच्या जिवावर. ती एकदा वर जाऊन आली आणि संध्याकाळी घरी येऊन म्हणाली, "मी मेंबर झाले." विचारलं नाही, सांगितलं.

मी "बरं" म्हणालो. मला वाटलं, महिन्या-दोन महिन्यांचं वेड असेल, मागे एकदा क्रोशाचं होतं तसं. पण या क्लबांची रीत अशी की दोनदा उडायचं तर पूर्ण दिवस द्यावा लागतो, कारण उरलेला दिवस दुसऱ्यांना उडवण्यात जातो. विमानं ढकलायची, तारा ओढून आणायच्या, पंखाचं टोक धरून पळायचं. पोह्यांचा रविवार गेला. ती सकाळी ब्रेडला काहीतरी फासून निघून जायची आणि मी दोन्ही घरच्या फोनांना एकटा तोंड द्यायचो. माझी आई विचारायची, "ती कुठाय?" मी सांगायचो, "आकाशात." आई म्हणायची, "आणि तू?" मी हवापाण्याचा विषय काढायचो.

तिला शिकवायला जो मास्तर मिळाला तो हा म्हातारा. ती पुढच्या सीटवर, तो मागच्या. माझ्या ऑफिसात मी ज्यांच्याबरोबर सहा वर्षं काम करतोय त्यातली दोन माणसं मला अजून 'झी' म्हणतात, म्हणजे अहो-जाहो करतात. क्लबात पहिल्याच दिवशी सगळे 'दू', सरळ अरे-तुरे. माझ्या बायकोला अरे-तुरे करणारा जर्मन माणूस मी तोवर पाहिला नव्हता. ती घरी येऊन "तो म्हणाला", "तो म्हणाला" करू लागली.

म्हातारा जवळच्याच खेड्यातला. विशीत मेकॅनिक म्हणून कॅनडाला गेला आणि सरकत सरकत पार उत्तरेला पोचला, जिथे रस्ते संपतात आणि पुढे नुसती तळी, झाडं आणि बर्फ. तिथे छोट्या विमानांना उन्हाळ्यात तरंगायला होड्यांसारखे फ्लोट लावतात आणि हिवाळ्यात घसरायला स्की. ती उडवणाऱ्यांना बुश पायलट म्हणतात. टपाल, पिठाची पोती, गाडीला जुंपायची कुत्री, अडलेल्या बाया, दातांचा डॉक्टर, सगळं त्यांच्याच विमानातून जायचं. त्याला ज्याने हे शिकवलं तो अगदी पहिल्या पिढीतला. नकाशे कोरे होते तेव्हा नद्यांची वळणं पाठ करून उडालेली ती माणसं. म्हाताऱ्याकडे त्या गुरूचे किस्से होते, स्वतःचे होते, आणि कधी कुठला कुणाचा हे मला कळायचं नाही. ते सगळे आमच्या जेवणाच्या टेबलावर यायचे.

एकदा तिने तेलाची गोष्ट सांगितली. तिथे उणे चाळीसमध्ये विमान उतरलं की पायलट आधी स्वतःच्या जेवणाचं बघत नाही. इंजिन गरम आहे तोवर त्यातलं तेल डब्यात काढून घेतो आणि झोपडीत शेगडीजवळ नेऊन ठेवतो. बाहेर राहिलं तर रात्रीत थिजून दगड. सकाळी इंजिनावर ताडपत्रीचा तंबू टाकायचा, खाली मोठा स्टोव्ह पेटवायचा आणि त्या तंबूत स्वतः बसून राहायचं, कारण ज्वाला जरा वर चढली तर अख्खं विमान जळणार आणि तिथून घरी परत जायला दुसरं काही नाही. इंजिन तापलं की गरम तेल ओतायचं आणि ताबडतोब निघायचं. हे सांगताना तिच्या हातात वरणाचा डाव होता आणि तो हवेतच राहिला होता.

"आपल्याकडे पण खोबरेल तेल थिजतं की थंडीत," मी म्हणालो. "आई उन्हात ठेवते."

"हो, तसंच," ती म्हणाली, आणि वरण वाढलं. तसंच नव्हतं हे तिच्या आवाजात स्वच्छ ऐकू आलं.

दुसऱ्या एका रविवारी झाडाच्या फांद्या आल्या. आभाळ भरलेलं असलं आणि खाली नवा बर्फ पडलेला असला की पांढऱ्यावर पांढरं, जमीन किती खाली आहे तेच कळत नाही. कळतं ते आदळल्यावर. मग पायलट निघतानाच सूचिपर्णी झाडाच्या फांद्या विमानात टाकून घ्यायचे. उतरायच्या जागेवरून एकदा अगदी कमी उंचीवर जायचं, दारातून फांद्या फेकायच्या, वळून परत यायचं आणि त्या काळ्या ठिपक्यांकडे बघत उतरायचं. "म्हणजे बघायला काहीतरी आधी आपणच टाकायचं," ती म्हणाली, आणि स्वतःशीच हसली. तिला असं हसताना बघून माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझ्याकडे सांगण्यासारखं काय होतं? एका दिवाळीत आमचा सर्व्हर बंद पडला होता आणि मी तो फराळाचं ताट मांडीवर घेऊन चालू केला होता. ती गोष्ट तिने लग्नानंतर दोनदा ऐकली होती.

मी वाचायला लागलो. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत उत्तरेकडच्या जुन्या पायलटांबद्दल मिळेल ते वाचायचो. उद्देश ज्ञानाचा नव्हता, म्हाताऱ्याला खोटं पाडायचा होता. आणि एक दिवस सापडलं. त्याने तिला सांगितलेली एक गोष्ट होती: उतरताना विमानाचं नाक बर्फात रुतून प्रोपेलर मोडला, नवा मिळणं अशक्य, मग तिथल्या सुताराने घसरगाडीच्या फळ्या एकमेकींवर रचल्या, मूस नावाच्या अवाढव्य हरणाचं कातडं उकळून केलेल्या सरसाने चिकटवल्या, तासून प्रोपेलर बनवला आणि विमान उडालं. हे खरोखर घडलं होतं, पण म्हाताऱ्याच्या जन्माच्या कितीतरी आधी. मी संध्याकाळी मोठ्या आनंदात घरी गेलो आणि तिच्यापुढे सगळं मांडलं.

"मग?" ती म्हणाली.

"मग काय? दुसऱ्याचे किस्से स्वतःच्या नावावर खपवतोय तो."

"अरे, तो म्हणालाच होता की हे त्याच्या गुरूच्या वेळचं. मी तुला तसंच सांगितलं होतं. तू ऐकलं नाहीस." मग तिच्या लक्षात आलं. "पण तू हे सगळं वाचलंस? कधी?" तिला वाटलं मला गोडी लागली. तिने मला क्लबात यायचं निमंत्रण दिलं. माझा पुरता पोपट झाला.

गेलो. सपाट माळ, कडेला पत्र्याची शेड, लांब टेबलावर तीन प्रकारचे केक. म्हातारा उंच होता, कान मोठे, स्वेटरच्या कोपरांना कातड्याची ठिगळं. त्याने माझा हात हातात घेतला आणि जरा बाजूने, पाखरासारखं माझ्याकडे बघितलं. "तर खाली राहणारा तो तूच," तो म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं, क्लबात न उडणाऱ्या नवऱ्याबायकांना सगळे असंच म्हणतात हे मला नंतर कळलं. पण ते वाक्य मी आठवडाभर चघळलं.

आधीच अधू होत चाललेले त्याचे डोळे त्या हिवाळ्यात गेले. आंधळा झाला नाही, पण नजरेच्या मधोमध धुकं साचलं. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. म्हणून तो बाजूने बघायचा. वसंतात विमानवाल्यांच्या डॉक्टरने त्याला उडायला मनाई केली. बायकोने हे मला रडवेली होऊन सांगितलं, मी चेहरा लांब केला आणि मनातून मला बरं वाटलं. आता मागच्या सीटवर दुसरं कोणी बसेल, किस्से थांबतील, रविवारचा निदान अर्धा भाग परत मिळेल. झालं उलटंच. मागे एक तरुण मास्तरीण बसू लागली, आणि म्हाताऱ्याला मैदानावर न्यायचं-आणायचं काम माझ्या बायकोने अंगावर घेतलं. म्हणजे आता जाताना किस्से आणि येताना किस्से. गाडी माझी. त्यात त्याच्या पाइपच्या तंबाखूचा वास भरून राहिला. तो पाइप ओढत नसे, नुसता खिशात ठेवायचा, तरी वास यायचा.

मग जूनमधल्या एका रविवारी दुपारी तिचा मेसेज आला. "आज बहुतेक एकटीला सोडतील. येतोस?" मी कणीक मळत होतो. हात कसेबसे धुतले आणि ट्राम, बस करत पोचलो.

ती विमानात बसलेली होती. मास्तरीण पंखाशी उभी. मागची सीट रिकामी, तिचे पट्टे आवळून बांधलेले. म्हातारा शेडजवळ खुर्ची टाकून बसला होता. सावलीत उभं राहायला दुसरी जागा नव्हती, म्हणून मी त्याच्या शेजारी उभा राहिलो. तिने काच लावून घेतली. तार ताणली गेली आणि ग्लायडर पळता पळता एकदम उभा चढला.  मी तोवर तिला विमानात चढताना पाहिलं होतं ते मुंबईच्या एअरपोर्टवर, सामान घेऊन.

"कुठे आहे?" म्हाताऱ्याने विचारलं.

मला आधी कळलंच नाही. त्याला समोरचं दिसत नव्हतं. वर्षभर त्याने जिला शिकवलं ती त्याच्या डोक्यावर उडत होती आणि तो मला विचारत होता.

"वर. तार सुटली."

"ते यंत्राच्या आवाजावरून कळलं. आता?"

"डावीकडे वळतेय."

"पंख किती कललाय?"

मला हे कसं सांगायचं सुचेना. "सूप संपत आलं की आपण बशी कलती करतो, तेवढा."

"गुट," तो म्हणाला. त्याचा उजवा हात गुडघ्यावर होता आणि अगदी हळू डावीकडे कलत होता.

सगळे वर बघत होते. तो गवताकडे बघत होता. मी सांगत राहिलो: सरळ झाली, शेताच्या वरून चालली, आता जंगलाच्या कडेला. आणि तिथे ती परत वळली, आणखी वळली, वळतच राहिली. त्या कडेला तापलेली हवा वर चढत असावी. घारीसारखी ती त्याच जागी गोल फिरू लागली आणि प्रत्येक फेरीला लहान होत गेली. ऊन पंखावर पडून एकदा लखकन चमकलं.

मी बोलायचं थांबलो. मुद्दाम थांबलो. वर्षभर तिच्या सगळ्या गोष्टी आधी त्याच्या होत्या, मग माझ्यापर्यंत यायच्या. आता तिला बघणारा मी होतो. हे मला त्याला द्यायचं नव्हतं. मैदानावर कोणी बोलत नव्हतं, त्यामुळे माझं गप्प बसणं चांगलंच ऐकू येत होतं.

"थांबलास का?" तो म्हणाला. मी वर बघत राहिलो. त्याने मान वर केली, इकडे वळवली, तिकडे वळवली, त्या बाजूच्या नजरेने तिला शोधू लागला. त्याला ती सापडत नव्हती. "काही झालं का?" त्याचा आवाज पार बदलला होता. "सांग ना. बिट्टे."

बर्फाच्या माळावर फांद्या टाकून उतरलेला माणूस मला विनवत होता. माझी मला लाज वाटली. "काही नाही झालं," मी घाईघाईने म्हणालो. "फिरतेय. जंगलाच्या कडेला. एकाच जागी, आणि वर जातेय."

"वर जातेय?"

"बरीच वर."

 गुडघ्यावरचा त्याचा हात तसाच कललेला राहिला, ती खाली येईपर्यंत.

रिवाजाप्रमाणे तिला आणखी दोनदा एकटीने वर जावं लागलं. शेवटचं उतरून ती विमानातून बाहेर आली आणि आमच्याच दिशेने चालत आली. मी हात पुढे केला. ती वाकली खुर्चीकडे. त्याच्या गळ्यात पडून म्हणाली, "मागे तू नव्हतास. फार आठवण आली." जर्मनमध्ये म्हणाली, पण मला समजेल इतपत जर्मन मला येतं. माझा पुढे केलेला हात मी खिशात घातला.

मग एका बाईने माझ्या हातात कागदात गुंडाळलेली जुडी दिली. आत खाजकुइलीसारखा चावणारा पाला आणि काटेरी फुलं. एकट्याने उडालेल्याला हा गुच्छ द्यायचा असतो म्हणे. तोवर मैदानावरचे लोक रांग लावू लागले होते. माझी बायको एका स्टुलावर ओणवी झाली होती, आणि क्लबातला प्रत्येक जण, अध्यक्षापासून केकवाल्या आजीपर्यंत, येऊन तिच्या ढुंगणावर एकेक फटका मारणार होता. "तापलेली हवा आधी तिथे जाणवते," त्या बाईने मला गंभीरपणे समजावलं. "ती जागा जागी करावी लागते." हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. बायकोने तर नाहीच.

माझा तिळपापड झाला. परक्या माणसांची अख्खी रांग, आणि मी हातात काट्यांचा गुच्छ घेऊन उभा. पहिला मान मास्तरांचा. म्हाताऱ्याला धरून आणलं. त्याने चाचपडत तिची पाठ शोधली आणि खांद्यावरची धूळ झटकावी तसं खांद्यावरच थोपटलं. लोक "चुकलं, चुकलं" म्हणून हसले. तो चुकला नव्हता. मग बाकीच्यांनी हात धुऊन घेतले. ओणव्यानेच तिने मान वळवून मला मराठीत सांगितलं, "अरे, लाग की रांगेत. नाहीतर राहशील." मी लागलो. माझ्या पुढे एक निवृत्त पोस्टमन होता. माझी पाळी आली तेव्हा माझा फटका जरा जोरातच बसला, आणि टाळ्याही सगळ्यांत जास्त मलाच पडल्या.

म्हाताऱ्याला घरी सोडून आम्ही दोघं निघालो. गाडी ती चालवत होती. गावाबाहेर पडलो. मग राहवलं नाही.

"वर त्याची आठवण आली म्हणे."

"त्याला बरं वाटावं म्हणून म्हटलं."

"मग कुणाची आली?"

 समोरून ट्रॅक्टर आला, त्याला तिने वाट दिली. "खरं सांगू? कोणाचीच नाही. त्याची नाही, आईची नाही. तुझीही नाही. तू आहेस हेच मी विसरले होते. आणि मला खाली यायचं नव्हतं."

ऐकून मला फार लागलं. वर्षभर ज्याची भीती होती ते हेच होतं, आणि त्यात म्हाताऱ्याचा काही संबंधही नव्हता.

"हे त्याला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"त्याला नसतं सोसलं. त्याचं ते कायमचं संपलंय."

"आणि मला सोसेल?"

"तू चिडशील," ती म्हणाली. "पण तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडलं नसतं. दुसऱ्या कोणाला मी हे सांगणारच नाही." मग रस्त्यावरची नजर न काढता तिने विचारलं, "अजून हेवा वाटतो त्याचा?"

"नाही," मी म्हणालो. "तुझा वाटतो."

इतकं खरं मी तिच्याशी कित्येक दिवसांत बोललो नव्हतो.